भार उचलण्याचे यंत्र, नग एक

खोर गावचा घानिम बिन शाहीन हा माणूस आहे, यंत्र नाही, हे गावात शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. कंपनीच्या तळावर मात्र साहेबलोकांत नि बाबूलोकांत ते तिघांनाच ठाऊक होतं, आणि त्या तिघांनी ते कधी कागदावर उतरू दिलं नव्हतं.

घानिम नहाम होता. मोत्यांच्या गलबतावर पाणबुडा बुडी मारतो, दोरवाला त्याला वर ओढतो, नाखवा दोघांना शिव्या घालतो आणि नहाम गातो. दुसरं काही करत नाही. नांगर उचलणं, शीड चढवणं, वल्ही मारणं हे सगळं बाकीच्यांनी, पण त्याच्या सुरावर. नहामानं दोरीला बोट जरी लावलं तरी नाखव्याची लाज गेली, कारण शेजारच्या गलबतावरचे म्हणणार, बघा, याला गडी पुरेनात. त्यामुळे तीस वर्षांत घानिमनं स्वतःच्या ताटाखेरीज जड असं काही उचललं नव्हतं. आणि शेवटच्या काही वर्षांत ताटही तितकंसं जड राहिलं नव्हतं.

त्याला कारण जपान. तिकडे कुणीतरी शिंपल्याच्या पोटात खडा सारून मोती पिकवायची युक्ती काढली. शिंपला फसला, पाठोपाठ बाजार फसला. मोत्याचा भाव पडला आणि त्याच्याबरोबर खोर पडलं. निम्मं गाव बहरैनला गेलं. उरलेल्यांनी गलबतं वाळूवर ओढून ठेवली आणि टोळ भाजून खाल्ले. मग पश्चिमेला दुखानच्या टेकड्यांत कंपनीला तेल लागलं. गाव आनंदून उठतं न उठतं तोच जगातली लढाई भडकली. कंपनीनं आपल्याच विहिरी सिमेंटनं बुजवल्या आणि निघून गेली. सापडलेला खजिना परत पुरून जाणारी माणसं खोरनं तोवर पाहिली नव्हती. लढाई संपल्यावर ती परत आली, बुजवलेलं उकरू लागली, आणि तेल समुद्रापर्यंत न्यायला वाळवंट आडवं ओलांडून नळ टाकायचं ठरलं. नळ उचलायला माणसं हवी होती. नाखवा माजिद बिन फरीश आपल्या गलबतावरचे गडी घेऊन गेला. आपल्याला धरून वीस. नहामाला काय नळ उचलायचाय, म्हणून घानिमला मागं ठेवलं.

पहिल्या दिवशी काय झालं ते घानिमला नंतर वीस जणांनी वीस तऱ्हांनी सांगितलं. सगळ्यांत समान होतं ते असं. मुकादम टकर साहेबानं सगळ्यांना एका नळाशेजारी रांगेनं उभं केलं. नळ चाळीस फूट लांब, आत माणसाचं डोकं शिरेल एवढा रुंद. साहेब म्हणाला, "उचला." त्याला अरबी येत होती ती एवढीच: उचला, ठेवा, पाणी, आणि कुठल्याशा बंदरात शिकलेली एक शिवी.

वीस जणांनी उचललं, पण वीस वेगवेगळ्या क्षणी. एक टोक वर गेलं, दुसरं पाणबुड्या मर्जानच्या पायाकडे यायला निघालं, मधल्यांनी घाबरून सोडून दिलं. नळ उतारावरून गडगडत गेला आणि साहेबाच्या तंबूत शिरला. साहेबानं शिवी वापरली. मग गोव्याचा कारकून कायतान याला दुभाषा म्हणून बोलावलं.

"काय झालं, विचार."

माजिद म्हणाला, "काही नाही. गाणं नाही ना."

"साहेब, हे म्हणतात, गाण्याशिवाय यांचे हात एक होत नाहीत."

"मग गा म्हणावं!"

"साहेब, हे गात नाहीत. यांचा गाणारा घरी आहे."

"घरी काय करतोय?"

कायताननं माजिदला विचारलं, आणि माजिदनं खरं ते सांगितलं. "उपाशी बसलाय."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या लॉरीतून घानिम आला. डोक्याला फडकं नीट बांधून, धुतलेला झगा घालून, पाहुणा यावा तसा. एका दगडावर उभा राहिला, कानामागं तळवा धरला आणि सगळं देणाऱ्या अल्लाचं नाव घेऊन सूर लावला. खालून वीस छात्यांमधून तो जुना खर्जातला हुंकार निघाला, जसा गलबतावर निघायचा, तळाच्या फळ्या थरथरवणारा. आणि नळ उठला. झोपलेल्या बाळाला न जागवता कुशीवर वळवावं, तसा उठला. साहेबाचा चिरूट विझला.

"याला ठेवून घे," तो कायतानला म्हणाला.

ठेवायचा कशात, हा प्रश्न होता. कायतानपाशी हुद्द्यांची यादी होती. विहीर खणणाऱ्यापासून उंदीर पकडणाऱ्यापर्यंत बासष्ट हुद्दे. त्यांत गाणारा नव्हता.

"उंदीर पकडणारा लिहू?"

"इथे उंदीर कुठेत?"

"म्हणूनच म्हणतो, साहेब. गायला वेळ मिळेल."

पण टोळीत माणसं वीसच मंजूर होती. एकविसावा घ्यायचा तर बहरैनहून परवानगी हवी, आणि बहरैनहून परवानगी यायला लागतो तेवढ्या वेळात नळ गंजतो. कायतान बराच वेळ पेन्सिल चावत बसला. त्याच्या कागदांना जी चिमटी होती ती मर्जाननं दिलेली, कासवाच्या पाठीची, बुडी मारताना नाकाला लावायची. तेवढ्यात त्याला एक नियम आठवला. माणूस घ्यायला बहरैनची मंजुरी लागते, पण किरकोळ यंत्र घ्यायला मुकादमाची सही पुरते.

"नाव?" त्यानं विचारलं.

"घानिम बिन शाहीन."

कायताननं लिहिलं: भार उचलण्याचे यंत्र, हाताने चालणारे, नग एक.

"बरोबर लिहिलंस ना?" घानिमनं विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"साधारण," कायतान म्हणाला.

यंत्राला पगार नसतो, देखभाल असते. महिन्याच्या अखेरीस घानिमला मिळालं ते असं: वंगणाचे दोन डबे, चिंध्यांचं एक गाठोडं, हिरव्या रंगाचा एक डबा, आणि धूळ बसू नये म्हणून अंगावर टाकायला ताडपत्री. शिवाय गळ्यात अडकवायला पत्र्याचा बिल्ला, त्यावर आकडा. जेवण टोळीबरोबर चालू होतं, कारण वीस जणांच्या शिध्यात एकविसावं तोंड यादीत दिसत नाही.

हे सगळं घेऊन तो गुरुवारी खोरला गेला तेव्हा त्याची बायको शम्मा दारातच उभी होती.

"सैफचे बाबा, हे काय आणलंत?"

"मजुरी."

"हे खायचं की अंगाला लावायचं?"

"वंगण विकायचं. लॉरीवाले घेतात."

"आणि रंग?"

घानिमनं थोडा विचार केला. "दार रंगव."

दोन महिन्यांत खोरमध्ये हिरव्या दाराचं घर एवढाच पत्ता पुरू लागला. चार महिन्यांत ओळीतली सगळी दारं हिरवी झाली. चिंध्यांच्या गाद्या झाल्या. वंगणावर तांदूळ आला, तांदळावर साखर आली. साखर आल्यावर चहा आला, आणि चहा आल्यावर ज्यांना पूर्वी बोलायला विषय नसायचा त्यांनाही विषय सापडू लागले.

गावच बदलत होतं म्हणा. गोडं पाणी पहाटे उंटावरून यायचं, ते आता लॉरीतून येऊ लागलं. बायकांना उंटाभोवती भांडायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी लॉरीमागं रांग लावून तिथे सोय केली. दिवसाचे भाग नमाजावर पडायचे, ते कंपनीच्या भोंग्यावर पडू लागले. म्हाताऱ्या हमदाची तक्रार होती की भोंगा वेळेवर होतो, सूर्यच हल्ली मागेपुढे करतो. शेजारच्या घरात बर्फाची लादी आली. मुलांनी ती चाटली, म्हाताऱ्यांना तिचा चटका बसला तेव्हा त्यांनी भाजल्यावर लावतात तसं बोटांना लोणी लावलं. माजिदचं गलबत वाळूवर कलतं पडलं होतं आणि त्यात त्याच्या बायकोच्या शेळ्या राहत होत्या. पूर्वी नाखव्याच्या हाताखाली गडी पिढ्यान् पिढ्या कर्जात जन्मायचे नि कर्जात मरायचे. आता नाखव्याला आणि त्याच्या दोरवाल्याला खिडकीतून सारखीच मजुरी मिळायची. माजिद ती घेताना दुसरीकडे बघायचा. दोरवालेही दुसरीकडे बघायचे, त्याला बरं वाटावं म्हणून. मर्जान तेवढा कुठंच बघायचा नाही. त्याचा मालक जवळच उभा असायचा, आणि निम्मी मजुरी तिथल्या तिथं मालकाच्या हातात जायची.

दीड वर्ष घानिम गायला. नळ समुद्राच्या दिशेनं सरकत गेला आणि त्याच्यामागून टोळी. मग त्याचा आवाज बसला.

समुद्रावर खारा वारा असतो, तो गळा धुतो. इथे धूळ होती, जळत्या वायूचा धूर होता आणि कंपनीनं नवा आणलेला ट्रॅक्टर होता. घानिमला त्याच्या वरचढ गावं लागे. एका सकाळी त्यानं तोंड उघडलं आणि आतून बिजागरी करकरावी तसा आवाज आला. दगडावरून उतरून तो पाणी प्यायला, परत चढला. परत बिजागरी.

"खजूर अडकलाय का, काका?" टोळीतला सगळ्यात तरणा जबर म्हणाला.

"गप रे," माजिद म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता.

घानिम दवाखान्यात गेला. तिथल्या कंपाउंडरनं यादी काढली, वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली, मग त्याच्या गळ्यातला बिल्ला वाचला. "तुझा विभाग हा नाही. कारखान्यात जा."

"माझा गळा बिघडलाय."

"तेच म्हणतो. बिघाड कारखान्यात."

कारखान्यात बहरैनचा मिस्तरी, उस्ता कंबर होता, सत्य ठाऊक असलेला तिसरा. त्यानं बिल्ला पाहिला, घानिमला बाकावर आडवा केला, तोंड उघडायला लावलं आणि विजेरीनं आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नळी चांगली आहे," तो म्हणाला. "गंज नाही. पण वॉशर गेलाय."

"नवा टाक."

"या बनावटीचे येत नाहीत, अबू सैफ." उस्ता खाली बसला. "मध आणि कोमट पाणी घे. महिनाभर बोलू नकोस. हे मी यंत्राला सांगत नाही, तुला सांगतोय. यंत्राबद्दल मला लिहावं लागेल की ते बंद आहे. आणि बंद यंत्र तीस दिवसांत चालू झालं नाही तर भंगारात जातं."

"आणि मी?"

"तू कुठं वेगळा आहेस?"

हा प्रश्न घानिमनं रस्ताभर चघळला. त्याचा मुलगा सैफ बहरैनमध्ये एका दुकानात होता, स्वतःपुरतं कमवत होता. शम्मा सुईदोऱ्यावर थोडं मिळवायची. टोळीतून गेला तर उपाशी मरणार नव्हता कदाचित. पण खोरमध्ये बसून करणार काय? सगळं गाव भोंग्यावर उठतं, लॉरीत चढतं. मागं राहतात ती बायका-पोरं, शेळ्या आणि म्हातारा हमदा. पन्नाशीच्या माणसाला एकच गोष्ट येते, आणि ती येत होती हे सांगायलासुद्धा आवाज नाही. समुद्रावरची जागा गेलीच होती. ही जागाही गेली तर तिसरी कुठली नव्हती.

तो महिना टोळीनं कसाबसा ढकलला. घानिम दगडावर उभा राहून नुसता हात हलवायचा, गडी हुंकार धरायचे, नळ जरा तिरका पण उठायचा. टकर साहेब दुसरीकडे बघायचा. आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मोठ्या कचेरीतून यंत्रांचा तपासनीस आला.

तपासनीस बारीक, सभ्य माणूस होता. त्याच्या हातात लहानशी हातोडी होती. प्रत्येक यंत्राला तो ती हळूच वाजवायचा, कान द्यायचा आणि लिहायचा. पंप वाजवला, लिहिलं. मिश्रणाचं पिंप वाजवलं, लिहिलं. मग तो घानिमसमोर आला. यादी पाहिली. बिल्ला पाहिला. घानिमकडे पाहिलं. घानिमनं ताडपत्रीची घडी काखेत धरली होती, ती नीट केली.

आता हा विचारणार, असं कायतानला वाटलं. तो घामानं भिजला. पण तपासनिसानं सत्तावीस वर्षांच्या नोकरीत यादीवर कधी संशय घेतला नव्हता, आणि एवढ्यासाठी तो सुरुवात करणार नव्हता. त्यानं हातोडी उचलली, क्षणभर थांबला, आणि ती खिशात ठेवली. तेवढा तो सभ्य होता.

"चालू करा," तो म्हणाला.

घानिम दगडावर चढला. कानामागं तळवा धरला. टोळी नळापाशी वाकली. मधाचे सात डबे पोटात गेले होते, महिनाभर तो बायकोशीसुद्धा बोलला नव्हता. बायकोनं त्याबद्दल देवाचे आभार मानले होते. त्यानं डोळे मिटले आणि सूर सोडला.

बिजागरी.

 माजिदनं त्या क्षणी जे केलं ते गलबतावरच्या कुठल्याही भल्या माणसानं केलं असतं. बुडी मारलेल्याला उशीर झाला की त्याच्या खुणेची वाट न बघता वर ओढायचं असतं. माजिदनं हुंकार उचलला. मर्जाननं तो पाठीवर घेतला. मग जबर, मग सगळे. आपल्या नहामाची अब्रू झाकायला त्या वीस जणांनी असा खर्ज लावला की लांबवर उंट उठून उभे राहिले. आणि नळ उठला. सरळ. पाण्याच्या पातळीसारखा. त्यांनी तो उचलून नेला, दोन हात पुढं जास्तच नेला, आणि अलगद ठेवला. दीड वर्षात इतका सुरेख कधी ठेवला नव्हता. मग सगळ्यांनी अभिमानानं तपासनिसाकडे पाहिलं.

तपासनिसानं लिहिलं, आणि कायताननं ते नंतर वाचून दाखवलं: यंत्र बंद आहे. यंत्र बंद असताना काम अधिक चांगले होते. सबब यंत्राची गरज नाही. भंगारात काढावे.

"म्हणजे?" माजिदनं विचारलं.

"म्हणजे तुम्ही फार चांगलं उचललंत," कायतान म्हणाला.

 जबर म्हणाला, "नळ पाडायला हवा होता." मर्जान म्हणाला, "आता सुचतंय होय रे, दीडशहाण्या?"

घानिम दगडावरून उतरला. सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं ताडपत्री पसरली आणि पुन्हा नीट घडी घातली.

भंगाराचा लिलाव तळामागच्या कुंपणात व्हायचा, दर महिन्याला, सकाळच्या भोंग्यानंतर. सामान ढिगांनी विकायचं, सुटं नाही, असा नियम. घानिम सातव्या ढिगात आला. ढिगात एक फुटका पंप, दोन हातगाड्या आणि तो. पंपावर बसायला बरं होतं, म्हणून तो पंपावर बसला. टोळीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि ती कुंपणाला टेकून उभी होती.

दोहाहून भंगारवाला हाजी दश्ती आला होता. ढिगांवरून फिरत तो सातव्याशी थांबला.

"ऊठ रे, पंप बघू दे."

"उठतो," घानिम घोगरेपणानं म्हणाला. "पण लांब जाता येणार नाही. मी ढिगात आहे."

हाजीनं कायतानकडे पाहिलं. कायताननं यादी पुढं केली. हाजीनं वाचली आणि दाढी कुरवाळली. "मला पंप हवाय. हे मला नको. हे खातं."

"ढीग अख्खा घ्यावा लागेल, हाजी."

"अहो, पण ठेवू कुठं? घरात आधीच सासू आहे!"

कुंपणापाशी हशा पिकला. माजिदनं बोली लावली. हाजीला पंप खरंच हवा होता, त्यानं वर बोली लावली. माजिदनं मागं वळून पाहिलं. गड्यांनी खिसे चाचपून होकार दिला, त्यानं आणखी चढवली. हाजीनं आणखी. तेव्हा घानिम उठला आणि त्यानं माजिदला हातानं थांबवलं.

"घेऊ दे त्याला," तो कुजबुजला. "त्याला पंपाशी मतलब आहे."

ढीग हाजीला गेला. त्यानं पंप उंटावर लादला, हातगाड्या मागं बांधल्या आणि निघाला.

"हाजी," कायतान ओरडला, "तुमचा माल राहिला!"

"मी सोडला!"

"तसं लिहून द्यावं लागेल. नाहीतर तो इथं तुमच्या नावावर पडून राहील, जागेचं भाडं चढेल."

भाडं म्हटल्यावर हाजी परत आला. कायताननं लिहिलं, हाजीनं अंगठा उठवला: ढीग सात, नग चार पैकी शेवटचा, मी आपखुशीने सोडला आहे. त्यावर माझा किंवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क नाही.

कायताननं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला आणि घानिमच्या हातात दिला. गडी हसत होते, पाठीवर थापा मारत होते. मर्जान हसत नव्हता. तो पुढं आला आणि कागदाकडे बघत राहिला.

"कायतान," तो म्हणाला, "मला एकदा विकलं होतं. लहान होतो. तेव्हा असा कागद कुणी केला नव्हता. असला एक मला करून देशील?"

कायताननं पेन्सिल तोंडातून काढली. "मी लिहीन. पण अंगठा तुझ्या मालकाचा लागेल."

"लिहून तर ठेव," मर्जान म्हणाला.

कायताननं तिथंच पंपाच्या रिकाम्या जागेवर बसून लिहिलं. खाली अंगठ्यापुरती जागा सोडली. मर्जाननं घडी घालून तो कागद झग्याच्या आत ठेवला, आणि तो विषय मग कुणी काढला नाही.

घानिम आता कुठल्याच यादीत नव्हता. यंत्रांत नाही, माणसांत नाही, भंगारात नाही. अशा माणसाला लॉरीत बसता येत नाही, कारण लॉरीवाला नाव विचारतो. तो कुंपणाच्या फाटकात उभा होता. तळाकडे एक वाट जात होती, खोरकडे एक.

"चल, घरी पोचवतो," माजिद म्हणाला. "पुढं बघू काहीतरी."

"जबर कुठं जातोय म्हणे?"

"लॉरी शिकायला. सोमवारपासून. पोरांना हल्ली चाकाशिवाय करमत नाही."

"म्हणजे टोळीत एकोणीस."

माजिदला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा गोरामोरा झाला. "घानिम, वेड लागलंय? नहामानं नळ उचलायचा? अरे, लोक काय म्हणतील? माझं नाक कापलं जाईल."

"तुझं नाक गलबतात आहे, शेळ्यांपाशी."

"तुला जमणार नाही. तीस वर्षांत तू साधी बादली उचलली नाहीस."

"उचलली असती," घानिम म्हणाला. "तुम्ही उचलू दिली नाहीत."

सोमवारी तो कायतानच्या खिडकीसमोर उभा राहिला. कायताननं वर पाहिलं नाही.

"नाव?"

"घानिम बिन शाहीन."

"पूर्वी कंपनीत होतास?"

"मी नव्हतो."

"हुद्दा?"

"मजूर."

कायताननं लिहिलं. या खेपेला तो कागद त्यानं फिरवून घानिमपुढं धरला, जणू त्याला वाचता येणार होतं. घानिमनंही वाचल्यासारखं केलं. डाव्या कोपऱ्यात बरंच काही लिहिलेलं दिसत होतं. बरं दिसत होतं.

जबरची जागा मर्जान आणि माजिद यांच्या मधे होती. घानिम तिथं वाकला. नळाखाली बोटं सारली. लोखंड सकाळच्या मानानं गरम होतं आणि त्याला एक वास होता, जो दगडावरून कधी आला नव्हता. हुंकार सुरू झाला. तो त्याच्या कानांना नेहमी खालून यायचा. आज दोन्ही बाजूंनी आला, बरगड्यांमधून आत शिरला. नळ उठला आणि त्याच्या खांद्यांत काहीतरी तुटल्यासारखं झालं. तो एका बाजूला कलला. मर्जाननं आपल्या कोपराचा टेकू दिला, न बघता.

पावलं पडू लागली आणि सवयीनं घानिमच्या तोंडून गाणं निघालं. घोगरं, फाटकं, दोन माणसांना ऐकू जाईल एवढंच. देणाऱ्याचं नाव घेतलं, पहिला चरण झाला, दुसऱ्या चरणाच्या शेवटी, जिथं तो नेहमी सूर वर नेऊन ठेवायचा आणि श्वास पुरेपर्यंत लांबवायचा, तिथं आला. सूर लांबेपर्यंत पाऊल टाकायचं नाही, नळ हातावर धरून थांबायचं, ही रीत. हीच जागा ऐकायला बहरैनचे व्यापारी होड्या जवळ आणायचे. घानिमनं सूर धरला. आणि त्याची बोटं उघडायला लागली. कोपर पेटले. डोळ्यांपुढं हिरवं दिसलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं: माजिदच्या मानेची शीर दोरखंडाएवढी फुगली होती, मर्जानचे डोळे मिटलेले होते, पलीकडच्या दोरवाल्याच्या नाकावरून घाम ठिबकत होता आणि तो तोंड वाकडं करून कुणाला तरी मनात शिव्या देत होता. कुणाला ते घानिमच्या लक्षात आलं.

त्यानं सूर तोडला. वीस पावलं एकदम पुढं पडली. नळ जागेवर ठेवला गेला.

सगळे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होते. घानिम जमिनीवरच बसला.

"तिथं," तो म्हणाला, "दुसऱ्या चरणाला. दर वेळी असं होतं?"

"कुठं?" माजिदनं विचारलं, उगाच.

"तीस वर्षं?"

माजिद नळावरची धूळ पुसत राहिला. उत्तर मर्जाननं दिलं. "नांगराच्या वेळी जास्त. नांगर ओला असतो ना."

"अरे, मग सांगायचं नाही का कुणी?"

मर्जाननं पाण्याची पखाल त्याच्याकडे सरकवली. "सांगणार होतो. पण तू लांबवायचास ते फार चांगलं लांबवायचास रे."

घानिम पाणी प्यायला. पुढचा नळ तिथेच शेजारी पडला होता. टकर साहेब लांबून हात करून ओरडला, "उचला." वीस जण उठून उभे राहिले, आणि घानिम जागेवर जाता जाता माजिदला हळूच म्हणाला की आता दुसरा चरण तो आखूडच गाणार आहे. त्यावर माजिद म्हणाला, "आखूड कर. पण अगदीच तोडू नकोस."